पट्टीवर आईचं नाव, कागदावर बापाची सही

सरकारी दवाखान्यात बाळ जन्मलं की त्याच्या पायाला एक पट्टी बांधतात. तिच्यावर बाळाचं नाव नसतं, बापाचंही नसतं. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. जन्मापासून बारशापर्यंतचे हे थोडे दिवसच असे, की मूल आईच्या नावानं ओळखलं जातं. (१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे कागदोपत्री आधी आईचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. आपण सगळ्याजणींनी त्याचं स्वागत केलं, मीही केलं.) पण तेच बाळ दिवस भरायच्या तीन महिने आधी जन्मलं, तळहातावर मावेल एवढं असलं, आणि त्याला मशीनवर ठेवायचं की नाही, पुढच्या दवाखान्यात न्यायचं की घरी, हे ठरवायची वेळ आली, की जो कागद पुढे येतो त्यावर आईचं नाव शोधून सापडत नाही. तिथे सही बापाची. बाप नसेल तर सासऱ्याची, दिराची. एकदा तर मी मुकादमाची सही पाहिली आहे.

त्याच मुकादमाची गोष्ट सांगते, कारण त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी मी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी समाजसेविका होते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यानंतरची माझी ती दुसरी नोकरी. थंडीचे दिवस, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. रात्री दोन वाजता फडावरून एक बाई जीपमधून आली आणि तासाभरात बाळंत झाली. वय एकोणीस, दुसरी खेप. सव्वीस आठवडे, वजन सातशे ऐंशी ग्रॅम, मुलगी. बाळ रडलं. ते रडलं हे मला ड्यूटीवरच्या सिस्टरने मुद्दाम सांगितलं, कारण एवढ्या लहान बाळाने रडावं याचं तिलाही अप्रूप वाटलं होतं. बाळ खालच्या मजल्यावर नवजात शिशु कक्षात, आई वरच्या मजल्यावर वॉर्डात, खाट नंबर अकरा. वॉर्डात तिला सगळे 'अकरा नंबर' म्हणत. मीही म्हणत होते.

सकाळी डॉक्टर कक्षाच्या दारात उभ्या राहून नवऱ्याशी, सासऱ्याशी आणि मुकादमाशी बोलल्या. मुकादम का, तर जीप त्याची होती आणि उचलही त्याचीच. बोलणं चार-पाच मिनिटं चाललं. बाळाचा श्वास टिकत नाही, व्हेंटिलेटर लागेल, तो आमच्याकडे नाही. मेडिकल कॉलेजला न्यावं लागेल, गाडी फुकट मिळेल, पण वाटेत काही होऊ शकतं आणि तिथे जागा असेलच असं नाही. डॉक्टर खोटं काही बोलल्या नाहीत, हे मला नमूद केलं पाहिजे. चाळीस तास जागी असलेली बाई होती ती. सासऱ्याने एकच विचारलं, "पोरगं हाय का पोरगी?" उत्तर ऐकून तो गप्प झाला. मुकादम म्हणाला, कोयता किती दिवस बसवून ठेवायचा, रोजचा खाडा कोण भरणार? नवरा खाली बघत होता. वीस-बावीस वर्षांचं पोर ते. कागद आला. 'आम्ही आमच्या स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत.' दवाखान्याच्या भाषेत याला 'डामा' म्हणतात. नवऱ्याने सही केली, खाली मुकादमाने केली, आणि साक्षीदाराच्या रेघेवर मी.

वरच्या मजल्यावर गेले तेव्हा अकरा नंबरने विचारलं, "ताई, पेटीतून कवा काढतेत तिला?" मी म्हणाले, "डॉक्टर बघतायत." त्या वेळी बाळ आजीच्या लुगड्यात गुंडाळलेलं जीपमध्ये होतं. संध्याकाळी तिला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं. डिस्चार्जच्या वेळी ती मला म्हणाली, "मी नेऊ नका म्हनले असते का न्या म्हनले असते, मला नाय ठावं. पर इचारायचं तर होतं."

मैत्रिणींनो, या लेखात मला मांडायचं आहे ते एवढंच आहे, आणि त्याला फाटे मात्र पुष्कळ आहेत.

आधी थोडी वैद्यकीय बाजू, कारण ती समजून न घेता आपण बोललो तर डॉक्टर मंडळी आपल्याला दोन मिनिटांत गप्प करतात. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांवर भारतात. यातली बहुतेक बत्तीस आठवड्यांच्या पुढची असतात आणि ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गापासून बचाव एवढ्यावर तगतात. त्यांच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बाळांचा. त्यांची फुप्फुसं तयार नसतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की रक्तस्राव होतो, आतडी सडू शकतात, प्राणवायू प्रमाणाबाहेर दिला गेला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. यातली काही बाळं पुढे धडधाकट शाळेत जातात, काही चालू शकत नाहीत, बरीच जगत नाहीत. कुठल्या बाळाचं काय होणार हे पहिल्या दिवशी छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण ती कुठे जन्मतात याने फार मोठा फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वीच दाखवून दिलं आहे की श्रीमंत देशांत अशा बाळांपैकी दहातलं एकही जेमतेम दगावतं, तर गरीब देशांत दहातली नऊ पहिल्या काही दिवसांत जातात. आपल्या एकाच देशात हे दोन्ही देश आहेत. मुंबई-पुण्याच्या महागड्या रुग्णालयातला सव्विसावा आठवडा आणि तालुक्याच्या गावातला सव्विसावा आठवडा एक नव्हे.

म्हणजे प्रश्न निव्वळ वैद्यकीय कधीच नसतो. जगण्याची शक्यता 'इतकी इतकी' असं डॉक्टर सांगतात तेव्हा त्या आकड्यात व्हेंटिलेटर आहे की नाही, रात्रपाळीला किती सिस्टर आहेत, गाडी वेळेवर आली का, हे सगळं आधीच मिसळलेलं असतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यातली बारा नवजात बाळं होती. अशा व्यवस्थेने सासऱ्यासमोर कागद ठेवायचा आणि त्यावर 'स्वखुशीने' असं छापायचं, यासारखी क्रूर थट्टा नाही. कसली खुशी? कुणाची?

त्या नवऱ्याला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. तरुणपणी मी ते केलंही असतं. पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे, ज्याचा एक दिवस चुकला तरी पैसे कापले जातात, त्याने शंभर किलोमीटरवर अडीच-तीन महिने बाळाजवळ राहायचं कसं? सव्वीस आठवड्यांचं बाळ घरी जायला साधारण तेवढे दिवस लागतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजाताचा उपचार, औषध, गाडी सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि ती सवलत नंतर वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली गेली. चांगलंच झालं. पण बुडालेली मजुरी मोफत होत नाही. घरी असलेल्या पहिल्या लेकराला कोण सांभाळणार, याचं उत्तर कुठल्याच योजनेत नाही. आणि सरकारी कक्षात जागा नसली की खाजगी दवाखान्याचं दार, तिथे दिवसाला हजारोंनी पैसे. तेव्हा बाळ 'घरी नेणं' हा निर्णय बापाचाही नसतो. तो गरिबीने घेतलेला असतो, त्याच्या हाताने.

मात्र गरिबीसुद्धा मुलगा आणि मुलगी यांत भेद करते, हेही विसरता येत नाही. २०१७ मध्ये देशभरातल्या नवजात शिशु कक्षांत मुलग्यांपेक्षा सुमारे दीड लाख मुली कमी दाखल झाल्या, असं युनिसेफने सांगितलं. मुलगे जन्मतः थोडे अधिक नाजूक असतात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मुली अधिक चिवटपणे तगतात, म्हणून थोडा फरक समजू शकतो. पण दीड लाख? दारापर्यंतच न आणलेल्या मुली त्या. आणि आणलेल्यांपैकी 'डामा'वर नेलेल्या किती, त्या आणखी वेगळ्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीने लढा दिला, महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. सोनोग्राफीच्या खोलीवर आपण पहारा बसवला. नवजात कक्षाच्या दारात मात्र आपल्यापैकी कुणी उभी नाही.

का नाही? याचं उत्तर द्यायचं तर घरातलं भांडण चव्हाट्यावर आणावं लागेल. एका शिबिरात मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सव्वीस आठवड्यांच्या बाळाच्या जगण्याबद्दल आपण बोलायला लागलो की गर्भपाताच्या हक्काचं काय? विरोधक म्हणतील, बघा, तुम्हीच म्हणता ते बाळ आहे." तिची भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच घडलं. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं घेणारी, अंगावर पाजत असल्याने पाळी आली नव्हती म्हणून दिवस गेल्याचं उशिरा कळलेलं. आधी परवानगी मिळाली. मग दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी कळवलं की बाळ जिवंत जन्मण्याची चांगली शक्यता आहे. दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना. १६ ऑक्टोबरला तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ सव्वीस आठवड्यांच्या पुढे गेला होता, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतरही कायद्याची मर्यादा ठराविक स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांचीच आहे.

या दोन सव्विसाव्या आठवड्यांना शेजारी शेजारी ठेवून बघा. दिल्लीत एका बाईला सांगितलं गेलं की सव्विसाव्या आठवड्यातलं बाळ जगू शकतं, म्हणून तू ते पोटात वाढव. आणि आमच्या दवाखान्यात दुसऱ्या बाईची सव्वीस आठवड्यांची, रडलेली, जिवंत मुलगी व्हेंटिलेटर नाही म्हणून लुगड्यात गुंडाळून परत पाठवली गेली. पोटात असेपर्यंत ते राष्ट्राचं बाळ, पोटातून बाहेर आलं की मुकादमाच्या जीपमधलं. बाईला विचारायचं नाही, ही एवढी एकच गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

म्हणून मला त्या ज्येष्ठ मैत्रिणीचं म्हणणं पटत नाही. गर्भपाताचा आपला हक्क 'गर्भ म्हणजे काहीच नाही' या पायावर उभा नव्हताच. तो उभा आहे तो बाईच्या शरीरावर. शरीर तिचं आहे, तिच्या मर्जीविरुद्ध ते कुणी वापरू शकत नाही, एवढं पुरेसं आहे. बाळ जन्मलं की तो प्रश्न संपतो. मग बाळ वेगळं, त्याचा स्वतःचा जीव, स्वतःचा हक्क. त्याच्यावर आईची मालकी नाही, जशी बापाचीही नाही. पण त्या बाळाचं हित कशात, हे ठरवताना कुणाचा शब्द आधी ऐकायचा हा प्रश्न तेव्हाच सुरू होतो, आणि तो आपला प्रश्न आहे. तो टाळून आपण गर्भपाताचा हक्क वाचवत नाही, बाईला नवजात कक्षाच्या बाहेर ठेवणाऱ्यांना मदत करतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझं म्हणणं अर्धवट राहील. पुण्यातली एक मैत्रीण, बँकेत नोकरीला, लग्नानंतर अकरा वर्षांनी टेस्ट ट्यूबने दिवस राहिले, जुळी. चोविसाव्या आठवड्यात बाळंत झाली. एक बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. दुसरं खाजगी एनआयसीयूमध्ये. अशा बाळाला डॉक्टर 'प्रेशस बेबी' म्हणतात, मौल्यवान बाळ. (ऊसतोडणीवालीचं बाळ मौल्यवान नसतं, हे वेगळं सांगायला नको.) नवव्या दिवशी मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. तिने विचारलं, आता याला किती त्रास होतोय, थांबायचं का? सासरच्यांना वाटलं बाई दगडाच्या काळजाची. डॉक्टर म्हणाले, आम्ही देव नाही, आमचं काम प्रयत्न करणं. कायदा काय म्हणतो हे तिला कुणी सांगितलं नाही. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरं न होणाऱ्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायला वाट करून दिली, २०२३ मध्ये ती पद्धत थोडी सोपी केली, पण ती वाट नवजात कक्षापर्यंत कशी यायची हे स्पष्ट करून सांगणारा कुणी त्या मजल्यावर नव्हता. शंभरावर दिवस झाले, दागिने गेले, घरावर कर्ज झालं. मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. बसू शकत नाही. ती नोकरी सोडून चोवीस तास त्याच्यापाशी असते, नवरा 'खर्च भागवतो'. तिचं मुलावर अतोनात प्रेम आहे. मला तिने सांगितलेलं असं, "तो आहे याचं दुःख नाही. पण त्या दिवशी मी त्याच्यासाठी बोलत होते, आणि सगळ्यांनी ऐकलं की मी माझ्यासाठी बोलतेय."

एकीकडे न विचारता नेलं, दुसरीकडे न विचारता ठेवलं. आणि पुढची सगळी कामं तिचीच. फिजिओथेरपीला नेणं, कानांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, रात्रीची फिट, शाळेचा नकार. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीचे डोळे वेळेवर तपासले गेले नाहीत आणि ती अंध झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. एकोणीस वर्षं लागली. अशा बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायलाच हवेत, अगदी लहानग्यांचे तर दोन-तीन आठवड्यांतच. हे किती आयांना डिस्चार्जच्या वेळी सांगितलं जातं? बाळ वाचवल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, 'सातशे ग्रॅमच्या बाळाला जीवदान'. पाच वर्षांनी त्या घरी कुणी फोटोवाला जात नाही.

इथे अपंगांच्या चळवळीतली माझी एक मैत्रीण मला अडवते आणि तिचं अडवणं रास्त आहे. ती म्हणते, "व्यंग येईल म्हणून जाऊ द्या, हे आणि मुलगी आहे म्हणून जाऊ द्या, यात फरक काय?" मी मान्य करते की डॉक्टर जेव्हा 'जगलं तरी नॉर्मल नसेल' असं दारात उभ्याउभ्या सांगतात तेव्हा ते वैद्यकीय माहिती देत नसतात, भीती घालत असतात. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, तो नवजात कक्षाच्या दारापाशी संपत नाही. माझं म्हणणं असं आहे: जिथे बाळ तगण्याची चांगली शक्यता आहे, समजा तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यातलं बाळ, तिथे बापालाच काय, आईलाही 'नको' म्हणायचा अधिकार नसावा. दवाखान्याने जगवावं आणि सरकारने खर्च उचलावा. पण जिथे शक्यता खरोखर धूसर आहे, उपचार म्हणजे आठवडेच्या आठवडे सुया आणि नळ्या, आणि शहाणे डॉक्टरही एकमेकांशी सहमत नाहीत, तिथे आईचा आवाज पहिला असावा. आणि आईनेच सासूच्या धाकाने 'मुलगी आहे, राहू द्या' म्हटलं तर? म्हणतात अशा बाया, मी ऐकल्या आहेत. याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच कळतं की तिला सासूपासून दूर, एकटीला, बसवून, बाळ दाखवून, परत एकदा विचारलं तर पुष्कळदा उत्तर बदलतं.

'आईला धक्का बसेल', 'टाके ओले आहेत', 'अडाणी बाई, तिला काय कळणार' ही कारणं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता ती कुणी उच्चारण्याआधीच मला ऐकू येतात. याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला, अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी सांभाळायला शिकवलं. तिथल्या नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांनी घट झाली, आणि ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तेव्हा कळतं बायकांना. सांगायला वेळ मात्र द्यावा लागतो, आणि तो चार मिनिटांहून जास्त असतो.

कायद्याचं म्हणाल तर बापाचीच सही हवी असं कुठे लिहिलेलं नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असं आहे खरं, आणि आपण त्याविरुद्ध किती बोललो ते जुन्या अंकांत सापडेल. पण गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' याचा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही. तो हजर नसेल, लक्ष देत नसेल, तर आई पालक आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईच्या ताब्यात असावं, हेही त्याच कायद्यात आहे. मग वरच्या मजल्यावर जागी असलेल्या आईला खाली न आणता दारातल्या पुरुषाची सही घेणं हा कायदा नव्हे, दवाखान्याची सवय आहे. सवय बदलता येते.

आईला कक्षात घेण्याने तिच्यावर उपकार होत नाहीत, उपचार होतो, हे आता डॉक्टरांचं शास्त्रच सांगतं. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली, त्यातून 'कांगारू' पद्धत आली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला: बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या आईच्या छातीशी ठेवलं तर मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात. तो अभ्यास एक किलोच्या वरच्या बाळांचा होता, सातशे ग्रॅमच्या बाळावर तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यासाठी आईची खाट बाळाजवळच ठेवावी लागली, आणि ती ठेवता आली, आकाश कोसळलं नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. अकरा नंबरचं दूध कुणाच्या तरी बाळाला गेलं असतं. ते तिने मोरीत पिळून टाकलं.

आणि बाळ वाचणार नसेल, तर? तेव्हाही तिच्या मांडीवर. दुखू नये म्हणून औषध, अंगावर पांघरूण, वॉर्डाच्या कोपऱ्यात एक पडदा. याला व्हेंटिलेटर लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. तरी ते होत नाही, कारण मरणारं बाळ दवाखान्याच्या नोंदीत मरण्यापेक्षा 'डामा'वर गेलेलं बरं असतं. आकडा सुधारतो.

शेवटी, ही बाळं इतक्या लवकर जन्मतातच का, हे विचारल्याशिवाय व्हेंटिलेटर मागत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या ठेवणं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. सहाव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढणाऱ्या बाईला खाडा चुकवायचा असतो. मुदतपूर्व कळा सुरू झाल्यावर तिला वेळेत दिलेली डेक्सामेथासोनची साधी इंजेक्शनं बाळाची फुप्फुसं पिकवायला मदत करतात. ती फार स्वस्त आहेत, आणि २०१४ पासून एएनएमलाही ती द्यायची मुभा आहे. अकरा नंबर दुपारपासून कळा देत होती. जीप रात्री निघाली, त्या दिवसाची तोड संपल्यावर.

आमच्या गटाने आता एक काम हाती घेतलं आहे, तुम्हीही घ्या. प्रत्येक नवजात शिशु कक्षात प्रत्येक बाळाची नोंद असते: मुलगा की मुलगी, वजन किती, बरं होऊन गेलं, दगावलं, पुढे पाठवलं की 'डामा'. माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्याचे गेल्या तीन वर्षांचे हे आकडे मागा, मुलगे आणि मुली वेगळे. सोबत विचारा की 'डामा'च्या किती कागदांवर आईची सही आहे. कक्षात आयांसाठी किती खुर्च्या आहेत तेही विचारा, हसतील, हसू द्या. आलेली उत्तरं अंकाच्या पत्त्यावर पाठवा. मी ज्या दवाखान्यात होते त्याच्या जिल्ह्यातून मी पहिला अर्ज केला होता. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. अपील केलं आहे, तारीख पुढच्या महिन्यात आहे.